डीजे शॅडोचं 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक' कसं ऐकावं: नव्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शक

इन्स्ट्रुमेंटल हिप-हॉप, म्हणजे रॅपशिवायचं हिप-हॉप, ऐकायला निघालेल्या माणसाच्या हातात बहुतेक जण डीजे शॅडोचा १९९६ चा 'एन्ट्रोड्यूसिंग' ठेवतात. अल्बम थोरच आहे, पण सुरुवात तिथून करू नये असं आमचं ठाम मत आहे. तो इतका घोटून काढलेला आहे की त्याचे सांधे नवख्या कानाला सापडत नाहीत. आधी 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक' घ्या. जानेवारी १९९८ मध्ये आलेल्या या संग्रहात १९९३ पासून १९९७ पर्यंत लंडनच्या मो वॅक्स लेबलवर निघालेल्या रेकॉर्डींमधलं काम एकत्र केलं आहे. अमेरिकेत त्या रेकॉर्डी आयात मालाच्या दुकानांतच मिळायच्या. तिथल्या श्रोत्यांना त्या एका ठिकाणी मिळाव्यात म्हणून हा संग्रह निघाला.

यात सांधे दिसतात. कुठे लूप (पुन्हा पुन्हा फिरवलेला तुकडा) जोडला, कुठे ड्रम कापून पुन्हा रचले, कुठे एखादी जागा गरजेपेक्षा जास्त ताणली, हे कानाला पकडता येतं. म्हणून शिकायला हाच संग्रह बरा.

आधी थोडी पार्श्वभूमी

डीजे शॅडो म्हणजे जॉश डेव्हिस. जन्म १९७२, लहानपण उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावात. तिथल्या केडीव्हीएस या विद्यार्थी रेडिओ केंद्राभोवती जमलेल्या मंडळींनी सोलसाइड्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं. पुढे ब्लॅकॅलिशस म्हणून नाव झालेली जोडी, लिरिक्स बॉर्न आणि लतीफ हे त्याचे तिथले सोबती. त्याआधी १९९१ मध्ये 'लेसन ४' नावाची त्याची जोडकामाची रचना एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आली होती. डबल डी आणि स्टाइन्स्की या न्यूयॉर्कच्या जोडीने ऐंशीच्या दशकात केलेल्या तीन 'लेसन'ना दिलेली ती मानवंदना. जुन्या रेकॉर्डींचे तुकडे चिकटवून नवी रचना करायची ही परंपरा त्याच्या आधीपासून होती आणि तो तीत शिकत होता, एवढं ध्यानात ठेवा.

लंडनच्या जेम्स लव्हेलने मो वॅक्स सुरू केलं आणि १९९३ मध्ये शॅडोची 'इन/फ्लक्स' आणि 'हाइंडसाइट' ही जोड-रेकॉर्ड काढली. १९९४ च्या जूनमध्ये 'मिक्समॅग' या ब्रिटिश मासिकाने 'इन/फ्लक्स'बद्दल लिहिताना 'ट्रिप-हॉप' हा शब्द छापला आणि तो सगळीकडे चिकटला. शॅडो स्वतः मात्र आपल्या कामाला हिप-हॉपच म्हणत आला. ऐकताना तुम्हीही तेच धरून चाला. 'ट्रिप-हॉप' म्हटलं की कान धुकट, गुंगीच्या वातावरणाकडे जातो आणि ड्रमकडे दुर्लक्ष होतं. या संगीतात गायकाची जागा ड्रमने घेतली आहे.

ऐकण्याची तयारी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. किक ड्रमचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) बळ साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतं आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथे पोहोचतच नाही. मग किकची नुसती 'टक' ऐकू येते, बास जवळजवळ नाहीसा होतो आणि रचना पोकळ वाटते. हे संगीत कंटाळवाणं असल्याची तक्रार अनेकदा इथूनच निघते. हजार-दीड हजार रुपयांचे तारेचे इअरफोन किंवा हेडफोन पुरेत. कानात नीट बसणारा रबरी टिप निवडा, कारण टिप सैल बसली की बास गळतो.

ॲपच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा. शफल बंद करा, कारण इथला क्रम मुद्दाम लावलेला आहे. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर एका रचनेचा शेवट पुढच्या सुरुवातीवर चढतो. काही सेकंदांच्या 'स्ट्राइक' तुकड्यांचं तर त्यात वाटोळंच होतं. इक्वलायझरमधला 'बास बूस्ट' काढा. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असेल तर तीही बंद ठेवा, म्हणजे हळू भाग हळूच राहतील.

कडकड, खरखर ऐकू आली तर घाबरू नका, तुमचं यंत्र ठीक आहे. तो आवाज मूळ रेकॉर्डवरचा आहे. तपासायचं असेल तर त्या खरखरीतला एकच ठळक 'टिक्' पकडा. तो दर आवर्तनात अगदी त्याच जागी परत आला, तर सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा) घेतलेल्या रेकॉर्डवरच्या धुळीचा किंवा ओरखड्याचा तो आवाज लुपात अडकला आहे. तुमची स्वतःची एलपी खराब असेल तर टिक् तबकडीच्या फेऱ्याप्रमाणे येतो. ३३⅓ च्या गतीत एक फेरा १.८ सेकंदांचा असतो आणि तो बीटशी जुळत नाही. ही परीक्षा चांगली पक्की करून घ्या. लूप नेमका किती लांब आहे हे ओळखायला पुढे तीच उपयोगी पडते.

आवृत्ती घेताना एक पाहा. मूळ प्रकाशनाच्या काही सीडींसोबत दुसरी चकती होती, तिच्यावर क्यू-बर्ट या डीजेचा 'कॅमल बॉबस्लेड रेस' हा वीस मिनिटांहून मोठा मेगामिक्स, म्हणजे शॅडोच्या अनेक रचना मिसळून केलेला तुकडा, आहे. सगळ्या आवृत्त्यांत तो नसतो. जुनी सीडी विकत घेणार असाल तर दोन्ही चकत्या आहेत का, ते विक्रेत्याला विचारूनच पैसे द्या.

समेचा घोळ आधी सोडवा

आपल्याकडे केरवा, दादरा, भजनी ठेका ऐकत वाढलेल्या कानाची या संगीतात एक ठरावीक फसगत होते. आपल्याला सम म्हणजे वजन, आणि वजन दिसलं की हात टाळीला जातो. हिप-हॉपच्या चार मात्रांच्या बारमध्ये सगळ्यात कडक आवाज स्नेअरचा (काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमचा), आणि स्नेअर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. नवखा श्रोता त्या कडक फटक्यालाच सम समजतो. मग प्रत्येक वाद्य चुकीच्या जागी सुरू झाल्यासारखं वाटतं.

उपाय सोपा आहे. पायाने चारी मात्रा मोजा आणि टाळी फक्त स्नेअरवर द्या. तोंडाने 'एक, दोन, तीन, चार' म्हणताना टाळी 'दोन' आणि 'चार'वर आली पाहिजे. आता जड, खोल किक 'एक'च्या आसपास सापडेल आणि नवं वाद्य बहुतेक वेळा त्याच 'एक'पाशी शिरेल. टाळी 'एक' आणि 'तीन'वर येत असेल तर एक मात्रा थांबून पुन्हा मोजायला लागा.

लय मोजायची तर ३० सेकंदांत स्नेअर किती वेळा पडला ते मोजा आणि त्याला चाराने गुणा. २२ किंवा २३ स्नेअर आले तर लय मिनिटाला ९० मात्रांच्या आसपास. उत्तर ४५ किंवा १८० असं निघालं तर तुम्ही अर्धी किंवा दुप्पट लय धरली आहे. मिनिटाला ९० मात्रा असताना एक बार २.६७ सेकंदांचा आणि आठ बार २१.३ सेकंदांचे. बदल चार, आठ किंवा सोळा बारांच्या टप्प्यावर येतात असं धरून बसा. तसं झालं नाही तर ती जागा मुद्दाम मोडली आहे, तिथे थांबून पुन्हा ऐका.

तीन बैठकी

संग्रह साधारण तासाभराचा आहे. एका दमात ऐकू नका, तीन बैठकींत विभागा. विभागणी शॅडोनेच करून ठेवली आहे: 'स्ट्राइक १', 'स्ट्राइक २' आणि 'स्ट्राइक ३ (अँड आय'म आउट)' हे तीन छोटे तुकडे संग्रहाचे तीन भाग पाडतात. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, त्यावरून हा खेळ आहे.

पहिली बैठक 'इन/फ्लक्स' आणि 'हाइंडसाइट'ची. 'इन/फ्लक्स' बारा मिनिटांच्या वर जाते. पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका. दुसऱ्यांदा कागदावर तीन रकाने आखा: वेळ, काय आलं, काय गेलं. ड्रम गेला की त्या ओळीखाली रेघ मारा. ड्रम अनेकदा पूर्ण निघून जातो, मागे बोलण्याचे तुकडे किंवा एखादं वाद्य उरतं, आणि मग ड्रम पुन्हा येतो. तो परततो तेव्हा तोच नमुना आहे की बदललेला, एवढाच प्रश्न स्वतःला विचारत राहा. गाण्यात कडवं आणि ध्रुपद जे काम करतात ते इथे ड्रमच्या जाण्यायेण्याने होतं. हे एकदा ध्यानात आलं की बारा मिनिटं लांबलचक वाटत नाहीत.

बोलण्याच्या तुकड्यांचा अर्थ लावायला धावू नका. कुठल्या चित्रपटातले, कुठल्या भाषणातले ते नंतर बघता येईल. आधी त्यांची लय ऐका. वाक्य संपायच्या आत ड्रम येतो की संपल्यावर, शेवटचा शब्द 'एक'वर पडतो की त्याच्या आधी, याचा हिशोब अतिशय काटेकोर आहे.

'हाइंडसाइट' जेमतेम सात मिनिटांची आणि बरीच सरळ. तिच्यावर वेळ कमी घालवला तरी चालेल. 'इन/फ्लक्स'नंतर कानाला विसावा म्हणून ती छान बसते.

दुसऱ्या बैठकीत संग्रहाचा गाभा आहे: 'व्हॉट डझ युअर सोल लुक लाइक' ही चार भागांची रचना. भागांचा क्रम २, ३, ४, १ असा उलटसुलट आहे, तुमच्या ॲपने घोळ घातलेला नाही. पहिला भाग शेवटी येतो आणि तिथेच तो शोभतो, म्हणून आकड्यांप्रमाणे 'दुरुस्त' करून ऐकू नका. भाग २ एकटाच चौदा मिनिटांच्या जवळ जातो. अंधाऱ्या खोलीत, झोपायच्या आधी पार्श्वसंगीत म्हणून लावाल तर तो निसटेल, कारण त्यातले बदल सावकाश आणि बारीक आहेत. दिवसा, बसून ऐका.

भाग ४ मध्ये बासकडे लक्ष ठेवा. तो थोड्याच सुरांवर घुटमळतो आणि वरचं सगळं त्याच्यावर तोलून धरलेलं आहे. भाग १ मध्ये सॅक्सोफोन आहे. तो रेंगाळतो आणि ड्रम मात्र ठाम चालत राहतो. त्या ताणातून रचनेची उदासी येते. सूर उदास आहेतच, पण ड्रम हळुवार केला असता तर ती पातळ झाली असती.

तिसऱ्या बैठकीत १९९७ ची 'हाय नून' आणि 'ऑर्गन डोनर'ची वाढवलेली आवृत्ती. 'हाय नून' गिटारच्या जोरावर धावते, तिथे विश्लेषण नंतर केलं तरी चालेल. 'ऑर्गन डोनर'साठी मात्र वेळ राखून ठेवा.

लूप की कापलेला ड्रम?

या संगीताची खरी कारागिरी इथे आहे. नवख्याला वाटतं की जुन्या रेकॉर्डवरचे दोन बार उचलले आणि फिरवत ठेवले. कधी तसं असतंही. पण शॅडोचं मोठं काम ब्रेक फोडण्याचं आहे. ब्रेक म्हणजे फंक किंवा सोल गाण्यातली ती जागा जिथे बाकी सगळे थांबतात आणि ड्रमवाला एकटा वाजवतो. त्यातला किक, स्नेअर, हाय-हॅट (झांजांची जोडी) वेगवेगळा कापायचा, यंत्राच्या पॅडवर टाकायचा आणि बोटांनी नवा नमुना वाजवायचा.

कानाने ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण झांजेच्या शेपटीत असते. खऱ्या वादनात झांज वाजली की तिचा नाद पुढच्या स्नेअरच्या खालूनही वाहत राहतो. कापलेल्या ड्रममध्ये पुढचा तुकडा सुरू होताच तो नाद कात्रीने छाटल्यासारखा थांबतो. हेडफोन लावून फक्त वरच्या 'स्स्स'कडे लक्ष द्या. प्रत्येक फटक्याला तो तुटत असेल तर ड्रम फोडलेला आहे. अखंड वाहत असेल तर लूप, किंवा मोठा तुकडा.

दुसरी खूण खोलीची. किक कोरडा, जवळचा आणि स्नेअर मोठ्या दालनात वाजल्यासारखा येत असेल तर दोन्ही वेगळ्या रेकॉर्डींवरून आलेले असण्याची शक्यता दाट. तिसरी खूण, स्नेअरच्या मधले अगदी हलके फटके. माणसाच्या वादनात ते दर वेळी किंचित वेगळे पडतात. लुपात ते तंतोतंत परततात. फोडलेल्या ड्रममध्ये ते मुद्दाम जिथे हवेत तिथे ठेवलेले असतात, कधी अशा दाटीने की दोन हातांच्या माणसाला ते वाजवणं अवघड जाईल.

तुलनेसाठी क्लाइड स्टबलफील्डने जेम्स ब्राउनसाठी वाजवलेला 'फंकी ड्रमर'चा ब्रेक आणि विन्स्टन्सच्या 'आमेन, ब्रदर'मधला ग्रेगरी कोलमनचा ब्रेक ऐका. दुसरा जेमतेम सहा-सात सेकंदांचा आहे. हे अखंड वादन कानात बसलं की शॅडोचे तुटक, पुन्हा रचलेले ड्रम वेगळे ओळखू येतात.

यंत्राची मर्यादा

शॅडोच्या त्या काळातल्या कामाशी जोडलेलं यंत्र म्हणजे अकाईचं एमपीसी६०, आवाज साठवून पॅडवर वाजवता येणारा सॅम्पलर. रॉजर लिनच्या आराखड्यावर १९८८ मध्ये आलेलं, सोळा रबरी पॅडांचं. 'एन्ट्रोड्यूसिंग' त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवर, एक टर्नटेबल आणि अलेसिसच्या एडॅट टेप रेकॉर्डरच्या आधारे तयार झाला. या यंत्राची स्मृती मूळ स्वरूपात १३.१ सेकंदांची, वाढवून २६.२ सेकंदांची. संपूर्ण रचनेतले सगळे आवाज त्यातच बसवायचे. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत २६.२ सेकंद म्हणजे दहा बारसुद्धा नाहीत.

म्हणून त्या काळातले निर्माते एक युक्ती करत: ३३⅓ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचं आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवायचं. गती १.३५ पटीने वाढते, म्हणजे २६ सेकंदांत ३५ सेकंदांचा माल मावतो. त्याची किंमतही मोजावी लागते. खाली उतरवताना वरची तीक्ष्णता जाते, आवाज मऊ, जाडसर, किंचित मातकट होतो. त्या काळच्या रेकॉर्डींवरचा 'जुना' पोत पुष्कळदा असा, जागेच्या टंचाईतून आला आहे.

याच यंत्रातली दुसरी सोय म्हणजे स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा फटका किंचित उशिरा पाडणं, ५० (अगदी सरळ) ते ७५ टक्के. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १६७ मिलिसेकंदांची. स्विंग ५८ टक्के केला की जोडीतली दुसरी पाव मात्रा साधारण २७ मिलिसेकंद उशिरा पडते. मोजून सांगता येणार नाही इतका हा उशीर लहान, पण मान डोलायला लागते ती त्याच्यामुळेच.

दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐका

हा अभ्यास सगळ्यात फळ देणारा. 'व्हॉट डझ युअर सोल लुक लाइक'चे भाग ४ आणि १ 'एन्ट्रोड्यूसिंग'वरही आहेत. तिथला भाग ४ आखूड केलेला आहे आणि भाग १ 'ब्लू स्काय रिव्हिजिट' या उपनावाने नव्याने बांधलेला. आधी संग्रहातली आवृत्ती, मग अल्बममधली, मग पुन्हा संग्रहातली, या क्रमाने ऐका. काय कापलं याची यादी करा. साधारणपणे प्रवेश आणि निरोपाच्या जागा आखडतात, मधला गाभा टिकतो. शेजारच्या रचनांना जागा देण्यासाठी अल्बममध्ये लांबी कमी करावी लागते. सिंगलवर ती अडचण नसते.

'ऑर्गन डोनर'मध्ये उलटा प्रकार. अल्बमवर ती दोन मिनिटांच्या आत संपते. संग्रहातली 'एक्स्टेंडेड ओव्हरहॉल' चार मिनिटांच्या पुढे जाते. धावती ऑर्गनची ओळ जॉर्जो मोरोदरच्या सत्तरच्या दशकातल्या 'टिअर्स'मधून आली आहे. छोट्या आवृत्तीत ती ओळ आली, चमकली, संपली. मोठ्या आवृत्तीत ड्रमला मोकळं रान मिळतं आणि तो ऑर्गनशी सवाल-जवाब करतो. मूळ 'टिअर्स' ऐकून मग परत या. शॅडोने काय घेतलं यापेक्षा काय सोडून दिलं ते बघा. पूर्ण रचनेतला एवढाच तुकडा निवडायला लागणारी नजर म्हणजेच या कलेतलं निम्मं काम.

सॅम्पल शोधण्याची घाई मात्र करू नका. इंटरनेटवर याद्या तयार आहेत आणि मोह होतो. पण रचना चार-पाच वेळा ऐकण्याआधी यादी वाचली की कान फक्त 'हा तुकडा तिकडचा' अशी ओळखपरेड करत बसतो आणि जोडणी ऐकायची राहून जाते. शिवाय त्या याद्यांत चुकाही असतात. स्वतः दोन्ही ऐकून खात्री केल्याशिवाय पुढे सांगू नका.

हाताने एकदा करून बघा

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कुणाची रेकॉर्ड उचलण्यापेक्षा ओळखीच्या ढोलकीवाल्याला चार आवर्तनं वाजवायला सांगा आणि फोन त्याच्यापासून मीटरभर दूर ठेवून रेकॉर्ड करा. याहून जवळ ठेवलात तर थापेला आवाज फाटतो.

आठ मात्रांचा तुकडा निवडा. त्याची लांबी सेकंदांत बघा आणि ४८० ला तिने भागा, लय मिळेल. ५.३३ सेकंद आले तर ९०. तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून पाहा. सांध्यावर 'टक्' आलं तर कापणी लहरीच्या मधोमध झाली आहे. निवडीच्या दोन्ही कडा शून्य रेषेवर सरकवा, ऑडॅसिटीत त्यासाठी झेड हे बटण आहे. सांध्यावर ठेका अडखळला तर मात्र लांबी चुकली, काही मिलिसेकंद कमीजास्त करून बघा. आता गती ०.७४१ पट करा. तुकडा पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त, म्हणजे ५.२ अर्धस्वर खाली जाईल आणि मघाशी सांगितलेला जाडसर पोत तुमच्या ढोलकीला येईल. मग धुमाचा एक आणि चाटीचा एक फटका वेगळा कापा आणि चार मात्रांत नव्याने मांडा. पहिल्या प्रयत्नात ठेका यंत्रासारखा ताठ वाटेल. दुसऱ्या-चौथ्या पाव मात्रा २०-३० मिलिसेकंद मागे ढकला.

एवढं करून 'इन/फ्लक्स' पुन्हा लावा. ड्रमचा प्रत्येक तुकडा तिथे कुणीतरी ठेवला आहे हे आता ऐकू येईल.

दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून सॅम्पल घेऊन काही प्रसिद्ध करणार असाल तर दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. 'दोन सेकंदांपर्यंत चालतं' ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर विसंबू नका. अमेरिकेतही १९९१ च्या रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यानंतर परवानगीशिवाय ठळक सॅम्पल वापरणं महागात पडू लागलं.

काय राहून गेलं आणि पुढे काय ऐकायचं

नावात सुरुवातीच्या कामाचा सूर असला तरी हा संग्रह पुरा नाही. सोलसाइड्सवरची १९९३ ची लांबलचक 'एन्ट्रोपी' यात नाही. जपानच्या डीजे क्रशसोबत एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू वाटून घेतल्या होत्या, त्यातली 'लॉस्ट अँड फाउंड' यात नाही. 'लेसन ४'ही नाही. 'लॉस्ट अँड फाउंड' आवर्जून शोधा, ड्रमची ताकद तिथे फार उघडी दिसते. मो वॅक्सच्या १९९४ च्या 'हेड्झ' या संग्रहात शॅडोचं काम त्याच्या समकालीनांच्या शेजारी ऐकायला मिळतं आणि त्याचं वेगळेपण लगेच कळतं.

क्यू-बर्टचा 'कॅमल बॉबस्लेड रेस' शेवटी ठेवा. क्यू-बर्ट सॅन फ्रान्सिस्कोचा स्क्रॅचमधला (रेकॉर्ड हाताने पुढेमागे सरकवून आवाज काढण्यातला) उस्ताद आहे आणि त्याने शॅडोच्या रचनांची टर्नटेबलवर मोडतोड करून नवी वस्तू बनवली आहे. मूळ रचना पाठ नसतील तर तो नुसता गोंगाट वाटेल. पाठ असतील तर कुठला तुकडा कुठून उचलला हे ओळखण्यात वीसेक मिनिटं कशी जातात कळत नाही.

आपल्या ऐकण्यातून आलेला एक दुवाही आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅन द ऑटोमेटरने कल्याणजी-आनंदजींचं चित्रपट संगीत घेऊन 'बॉम्बे द हार्ड वे' हा अल्बम केला, त्यातल्या ड्रममध्ये शॅडोचा हात होता. १९७८ च्या 'डॉन'चं शीर्षकसंगीत आधी मूळ ऐका, मग या अल्बममधलं. मूळ चाल तुम्हाला तोंडपाठ असल्यामुळे काय ठेवलं, काय काढलं आणि खाली नवा ड्रम कुठून कुठपर्यंत भरला, हे पहिल्याच ऐकण्यात कळेल.